इंजिनाच्या वाटीतलं तेल

फाल्गुन लागला की मला माणसांचा संशय यायला लागतो. एरवीही येतोच, घरात सगळ्यांना माझा हा स्वभाव पाठ आहे. दूधवाला जरा जास्त हसला की मी आधी दुधात बोट बुडवून बघते. पण फाल्गुनातला संशय वेगळा असतो. काटेसावर फुललेली असते, पळसाला पान राहिलेलं नसतं, मोहराचा वास गल्लीत शिरतो आणि शिमग्यासाठी कुणाच्या तरी घरी पापड्या-कुरड्या तळायला घेतलेल्या असतात. तो तळणीचा वास आला की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. हा वास कढईतूनच येतोय ना, याची खात्री झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परवा वीज गेली आणि समोरच्या दुकानदाराने त्याचं ते जनित्र चालू केलं. सून म्हणाली, "आई, खिडकी लावते, धूर येतोय." मी म्हटलं, "थांब जरा, मला वास घेऊ दे." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीला आता धूरही आवडायला लागला, असं तिला वाटलं असणार. पण तो धूर चोख होता. नुसत्या डिझेलचा, थोडा कडवट, नाकाच्या शेंड्यावर बसणारा. त्यात दुसरं काही नव्हतं. मग मीच खिडकी लावली.

ज्या धुरात दुसरं काही होतं, त्याची ही गोष्ट आहे. गोष्ट तरी कशी म्हणू, एका शिमग्याच्या दिवसांत जे नाकाला आणि डोळ्यांना सापडलं ते सांगते.

माझं माहेर पोलादपुराच्या पुढे, आंबेनळीच्या पायथ्याशी. वाडीतला प्रत्येक दुसरा बाप्या मुंबईला गिरणीत, तसे आमचे हेही होते. मुंबईत यांनी इंजिनावर हात बसवला आणि मग महाडला नदीकाठच्या एका भाताच्या गिरणीत मिस्त्री म्हणून आले. लग्न होऊन मी थेट त्या गिरणीच्या मागच्या खोलीत. माहेरी आमच्याकडे करंजेलाचा दिवा. करंजाच्या बिया गोळा करायच्या, घाण्यावर नेऊन तेल काढायचं, आणि त्या कडू वासाच्या उजेडात जेवायचं. गोडं तेल सणाला, तेही कढईपुरतं. अशा घरातून मी आले ती विजेच्या दिव्याच्या दाराशी.

इंजिन आडवं होतं, एकाच सिलिंडरचं, बाजूला माणसाच्या उंचीचं चाक. दिवसा पट्टा भाताच्या यंत्रावर असायचा, दिवेलागणीला हे तो काढून डायनामोवर चढवायचे. मग गिरणीचे मालक शेट, त्यांच्या घरात, आमच्या खोलीत, बाजाराच्या गल्लीत आणि त्या वर्षापासून देवीच्या देवळात दिवे लागायचे. एकाच सिलिंडरचं असल्यामुळे ठोका पडला की दिवा जरा मोठा व्हायचा, मग बारीक, मग पुन्हा मोठा. लोकांना त्याचं कौतुक होतं. मला मात्र दिवा आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाठ करून जेवले.

इंजिनाच्या तक्रारी मात्र मला यांच्याआधी कळायच्या, कारण भिंतीला भिंत लागून होती. ठोका ओला पडतोय की कोरडा, पट्टा सैल झालाय का, हे भाकरी थापता थापता ऐकू यायचं. हे म्हणायचे, "इंजिनाला तीन गोष्टी लागतात गो, थंड पाणी, गाळलेलं तेल आनि संशयी माणूस. तिसरी गोष्ट तू हायस." हा टोमणा होता, पण मला तो आवडायचा.

पाण्याचं काम भागोजीकडे होतं. महारवाड्यात राहायचा, मितभाषी, पिळदार अंगाचा. नदीवरून कावडीने पाणी आणून शेडबाहेरची टाकी भरायची, शेड झाडायची, आणि इंजिन चालू करताना यांच्याबरोबर ते मोठं चाक फिरवायचं. देवळात दिवा द्यायचं ठरलं तेव्हा शेटनी गावाला सांगितलं होतं की इंजिनाला हात फक्त मिस्त्री लावतो. चाक एकट्या माणसाच्याने फिरत नाही हे गिरणीत भात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. पण माहीत असून न बघण्यात आमचं गाव तरबेज होतं.

तळ्याचं प्रकरण होऊन काही वर्षं झाली होती. तळं सगळ्यांचं आहे म्हणून महारवाड्यातली माणसं पाण्याला गेली होती आणि गावाने त्यांना झोडपलं होतं. मी तेव्हा माहेरी होते. मी आले तोवर मारामारी संपली होती, कोर्टकचेरी चालू होती आणि हवा आंबलेली होती. कोण कुठे पाणी भरतो, कोण कुणाच्या ओट्याजवळून गेला, याच्यावर सगळ्यांचे डोळे. माझ्यासारख्या संशयी बाईलासुद्धा ते जड जायचं. माझा संशय माणसागणिक बदलतो, गावाचा मात्र एकाच वस्तीवर बसलेला होता.

इंजिनातून फिरून आलेलं पाणी कढत व्हायचं आणि पन्हळीने मागच्या खड्ड्यात पडायचं. फाल्गुनात विहिरी तळाला जातात, धुण्याला पाणी पुरत नाही, आणि इथे आयतं कढत पाणी वाहून जातंय. पण आळीतली एक बाई त्याला शिवायची नाही, कारण ते भागोजीने भरलेलं. मी गुपचूप कळशी भरून आणायचे आणि येताना दहा वेळा मागे बघायचे. त्याच पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचा उजेड मात्र सगळ्यांना चालायचा, अगदी देवीलासुद्धा. त्यासाठी रीतसर कौल लावला होता. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विजेच्या दिव्याला उजवा कौल पडला. सभामंडपाच्या दुरुस्तीचा खर्च शेटनी केला होता, त्यामुळे मला त्या पाकळीचाही संशय आला होता. पण देवीबद्दल असं मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून मी हात जोडले.

दिवा लागला आणि सभामंडपात टांगलेली जुनी पितळी दिवी उतरवली गेली. त्या दिवीत आळीतल्या बायका दर मंगळवारी वाटीभर तेल घालायच्या, त्यांच्या सासवा घालायच्या, त्यांच्याही सासवा घालायच्या. दिवीत मावेल तेवढं दिवीत, उरलेलं गुरवाच्या घरी, अशी रीत. दिवी गेली तसा गुरव खट्टू झाला. पुढच्या मंगळवारी बायका वाट्या घेऊन आल्या तेव्हा तो फणकाऱ्याने म्हणाला, "हतं कशाला आणताव तेल? दिवा आता गिरणीत जळतो. तकडं जावा नि घाला." हे मला पुढे कळलं. त्याने टोमणा मारला होता, पण आमच्या बायका देवाच्या कामात टोमणा शोधत नाहीत, त्या सांगितलेलं करतात.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की मंगळवारी दुपारी मी चुलीसाठी कोंडा आणायला शेडमध्ये गेले तर इंजिनाच्या पायाशी कुंकू सांडलेलं. दुसऱ्या खेपेला हिरव्या बांगडीचा तुकडा. आणखी एकदा अबोलीचं फूल, माझ्याकडे अबोली नव्हती. दुपारी इंजिन बंद असायचं, हे जेवून नदीकाठच्या आंब्याखाली पडायला जायचे, भागोजी पाण्याला जायचा आणि शेडला दाराऐवजी नुसता झावळ्यांचा झाप लावलेला असायचा. आंब्याखालीच पडता का, हे मी यांना विचारलं नाही. नुसती यांच्या सदऱ्याचा वास घ्यायला लागले. सदऱ्याला डिझेलचा वास यायचा आणि त्याच्या आड, अगदी पुसट, तळणीचा. झालं. कुणाच्या तरी घरी यांना गरम गरम पापड्या मिळतात, असं माझ्या मनाने घेतलं. मी चिडून यांच्या ताटात रोज नाचणीची भाकरी आणि जवळा वाढायला लागले. हे निमूटपणे जेवायचे. त्याचाही मला संशय आला.

मग तो तळणीचा वास धुराड्यातून यायला लागला. यांना तो आला होता, पण यांनी मान हलवून सोडून दिला, कारण शिमग्याच्या दिवसांत सगळ्या महाडात तळणच चालू असतं. वारा फिरला की नदीपलीकडूनसुद्धा येतं. पण इंजिन जड झालं. चालू करताना यांचा आणि भागोजीचा दम निघायचा. ठोका मऊ पडायला लागला, दिवे तांबूस झाले. हे रात्री अंथरुणावर पडून पत्र्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, तिची आठवण काढतायत. प्रत्यक्षात हे शेटच्या तेलाचा विचार करत होते. शेटनी स्वस्तातलं वंगण आणून पिंपात मिसळलंय, असा यांचा संशय. शेटना वाटत होतं की मिस्त्री काम टाळतोय. आणि बाजारात कुजबुज चालू झाली होती ती तिसरीच. देवीचा दिवा मंदावतोय, गिरणीत पाणी कोण भरतं, तळ्याचा राग अजून गेला नाय त्यांचा. एक इंजिन आणि त्याच्याभोवती इतके संशय, आणि त्यातला एकही खरा नव्हता.

आजकाल मी कुणी कुणाबद्दल खात्रीने बोलायला लागलं की आधी विचारते, तू बघितलंस का? नातवंडं हसतात. पण मला तो मंगळवार आठवतो. पालखीचा दिवस होता. संध्याकाळी देवीची पालखी गावातून फिरून विजेच्या उजेडात सभामंडपात यायची होती, पहिल्यांदाच. गावभर बोलबाला झालेला. दुपारी हे आंब्याकडे गेले, आणि मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. शेडमध्ये भाताची पोती रचलेली होती, त्यांच्या मागे जाऊन बसले. कोंड्याने अंग खाजत होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या. जी कोण सटवी येईल तिच्या झिंज्या धरायच्या, एवढंच डोक्यात.

झाप सरकला आणि शेटच्या मातोश्री आत आल्या. त्यांना सगळे मोठ्या आई म्हणत. सोवळ्यातल्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांना बघून माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी इंजिनाला कुंकू लावलं. सिलिंडरवर तेलाची पितळी वाटी होती, तिच्यातून थेंब थेंब वंगण आत उतरायचं, पिस्टन सुळसुळीत चालावा म्हणून. चकचकीत पितळ, वर झाकण, आत तेल. मोठ्या आईंनी झाकण उघडलं, पदराखालची वाटी काढली आणि तीळतेल आत ओतलं. मग हात जोडून म्हणाल्या, "आई, पदरात घे." आणि गेल्या. त्यांच्यामागून आळीतल्या एकेक आल्या. कुणी खोबरेल, कुणी तीळतेल, थोडं वाटीत, थोडं ओघळून खाली. समईत घालावं तसं सहज. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. यांना वाटी भरलेली दिसायची तेव्हा यांना वाटायचं भागोजीने भरली, आणि भागोजीला वाटायचं मिस्त्रींनी भरली.

सगळ्या गेल्या असं समजून मी उठणार, तोच झाप पुन्हा हलला. यावेळी फार हळू. भागोजीची बायको रखमा आत आली. तिच्या हातात करवंटी होती. ती बराच वेळ इंजिनापासून लांब उभी राहिली. मग पुढे आली, झाकण बोटाच्या टोकाने उचललं आणि करवंटीतलं तेल आत सोडलं. वास मला पोत्यांमागेही आला. करंजेल. माझ्या माहेरचा वास. रखमाने हात जोडले नाहीत. तिने चाकाला कपाळ टेकलं, आणि लगेच पदराने ती जागा पुसली.

देवळाच्या पायरीपर्यंत तिला कुणी येऊ दिलं नसतं. तिच्या सासूला नाही, तिच्याही सासूला नाही. आणि आता देवीचा दिवा अशा जागी जळायला लागला होता की जिथे नुसता झाप सरकवून जाता येत होतं. हे गावात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मी धावत आंब्याकडे गेले. हे खरोखर आंब्याखालीच घोरत होते. उठवून सगळं सांगितलं, रखमाचंही. यांनी शेडमध्ये येऊन वाटीतल्या तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "इतके दिवस हे तेल उष्ण्यानं आटून पिष्टनच्या रिंगांवर चिकटलं असंल गो. आता खोलायला वेळ नाय." यांनी वाटी रिकामी केली, धुतली, चांगलं वंगण भरलं. मग म्हणाले, "रखमाचं तू बघितलंस नाय. मी ऐकलं नाय." मी मान हलवली.

दिवेलागणीला इंजिन कसंबसं चालू झालं. ढोल-सनई जवळ आली, पालखी देवळाच्या दारात आली, आणि ठोका एकदम घट्ट झाला. चाक दोनदा ओढल्यासारखं फिरलं आणि थांबलं. गावभर अंधार. आधी ढोल थांबले, मग आरडाओरडा, आणि मग माणसं मशाली घेऊन शेडकडे आली. पुढे शेट, मागे गुरव, त्याच्यामागे सगळी आळी.

शेटनी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भागोजीला म्हणाले, "काय घातलंस रे त्यात?"

"काय नाय शेट," भागोजी म्हणाला. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

हे मध्ये पडले. "शेट, त्यानं नाय घातलं. आळीतल्या बायका देवीचं तेल या वाटीत घालतात. तेच जळून चिकटलंय."

"काहीतरी सांगू नका मिस्त्री."

तेव्हा मोठ्या आई काठी टेकत पुढे आल्या. "मी घातलं. दर मंगळवारी घालते. देवीचा दिवा हतं जळतो, मग तेल हतंच घालायला नको?" त्यांच्या पाठोपाठ एकेक बाई बोलायला लागली. मी पण, मी पण. लाजत, मग अभिमानाने. गुरव खाली मान घालून उभा. माणसं हसायला लागली. कुणी म्हणालं, देवीनेच तेल प्यायलं. शेटसुद्धा हसले. क्षणभर मला वाटलं, सुटलो.

सिलिंडरच्या तोंडाशी काळा, डिंकासारखा चिकटा ओघळला होता. गुरवाने तो बोटावर घेऊन हुंगला. त्याला तेलांची जन्माची ओळख. "ह्यात करंजेल हाय," तो म्हणाला. "देवीला करंजेल कोण घालतं?"

हसू थांबलं. आळीत करंजेल कुणाच्या घरी जळत नव्हतं. कुणाच्या वस्तीत जळतं हे सगळ्यांना माहीत होतं. भागोजीने मान वर केली. मशालीच्या उजेडात मी त्याचा चेहरा बघितला. पार लांब, रस्त्याच्या कडेला त्यांच्या वस्तीतली माणसं पालखी बघायला उभी होती, त्यांत रखमा होती. त्याने एकदाच तिकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

मी पुढे झाले. "ते माझं," मी म्हटलं. "माझ्या माहेरी करंजेलच जाळतात. माझ्याकडं हाय."

हे माझ्याकडे बघत राहिले. बायका बघत राहिल्या. मिस्त्रीच्या घरात विजेचा दिवा, नसला तर रॉकेलचा कंदील, हिच्याकडे करंजेल कुठून, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं. गुरव म्हणाला, "मग कौल लावू. पालखी दारातच हाय. कुणाचं तेल ते आईच सांगंल."

मला कौलाची भीती वाटली नाही. ती पाकळी कुणाच्या बाजूने पडते हे मी बघितलं होतं. पण भागोजीचा देवीवर विश्वास होता. देवळाबाहेर उभा राहून ठेवलेला, पण पुरा विश्वास. विचारलं तर देवी खरं सांगणार, असंच त्याला वाटलं. आणि मग रखमाचं तेल देवीच्या दिव्यात गेलं हे गावाला कळणार. त्यानंतर वस्तीचं काय झालं असतं, हे तळ्याच्या वेळी सगळ्यांनी बघितलं होतं. राग एकट्याचा ठरला, तर निदान तो एकट्याला भोगावा लागला असता.

"कौल नको," भागोजी म्हणाला. "करंजेल मी घातलं. इंजिन बंद पडावं म्हणून. राग होता माज्या मनात. बाय माज्यासाठी खोटं बोलतात."

लोकांना एका वेळी दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या, माझी आणि त्याची. दोन्ही खोट्या. त्याची लगेच पटली, कारण ती त्यांच्या मनात आधीपासून तयार होती. कुणीतरी म्हणालं, मी सांगत नव्हतो? दोन-चार हात पडले. शेटनी आणि यांनी आवरलं. शेटना सणाच्या दिवशी गिरणीत रक्त नको होतं, म्हणून त्याला तिथल्या तिथे कामावरून काढून विषय मिटवला. मोठ्या आई काठी टेकत पालखीकडे परत गेल्या. पालखी मशालींच्या उजेडात आत गेली आणि लोक म्हणाले, असंच बरं दिसतं.

त्याच्यावर हात पडले तेव्हाच मी ओरडायला तोंड उघडलं होतं. रस्त्याकडून रखमाने मान हलवली. नाही. एवढंच.

दुसऱ्या दिवशी यांनी पिस्टन बाहेर ओढला. रिंगा खाचांत पक्क्या बसल्या होत्या. रॉकेलमध्ये भिजवून, लाकडाच्या पातीने खरवडून, एकेक सोडवायची. मी भिजल्या चिंध्या पिळत शेजारी बसले होते. खाचांमधून काळी खळ निघत होती. मोठ्या आईंचं तीळतेल, कुणाचं खोबरेल, रखमाचं करंजेल, सगळं शिजून एकजीव झालेलं. यांनी पातीवर घेतलेली खळ उजेडात धरली आणि म्हणाले, "सांग बघू यात कुणाचं कुठलं." मी हातातली चिंधी पिळून ठेवली. मग मीच विचारलं, "ह्या वाटीतलं तेल जळतं का हो? का नुसतं वंगण?"

"वंगणच. पण थोडं वर चढतं नि जळतं. जळतं म्हनून तर वास आला."

पुढे सगळं जागेवर आलं. इंजिन चालू झालं, देवळात दिवा लागला, शेजारी पितळी दिवीही पुन्हा टांगली गेली आणि गुरवाचं तेल सुरू झालं. शेडला झापाच्या जागी दार आणि कुलूप आलं. चाक फिरवायला दुसरा माणूस ठेवला. त्याला ठोक्याचा अंदाज यायला वेळ लागला. मी कित्येक दिवस भाकरी थापता थापता ऐकत राहायचे आणि मला ते इंजिन परकं वाटायचं. यांच्यावरचा माझा संशय संपला होता, ताटात पुन्हा चांगलंचुंगलं येऊ लागलं. हे एकदा म्हणाले, "आता का बरं?" मी म्हटलं, "जेवा."

भागोजी आणि रखमा मुंबईला निघाले ते होळीची राख निवायच्या आत. दासगावच्या बंदरावरून लाँच धरायची म्हणून सकाळीच चालत निघाले होते. मी नदीवर होते. भागोजी कावडीच्याच काठीला बोचकी बांधून पुढे गेला. मला बघून त्याने नुसती मान लववली. रखमा मागे राहिली. आम्ही दोघी रोज एकमेकींना बघत होतो, पण बोललो होतो ते नावापुरतं. मी तिला म्हणणार होते की मी प्रयत्न केला, मी सांगायला निघाले होते. तिला ते माहीत होतं, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

तिने इकडे-तिकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "बाय, तुमी मिस्त्रीच्या घरातल्या. तुमाला ठावं असंल. माज्या तेलाचा दिवा लागला हुता काय गो?"

"लागला हुता," मी म्हटलं. "ते जळतं. जळलं म्हणून तर वास आला. देवीच्या म्होरं लागला हुता, रखमे."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी लोकांकडे बघते तशी, डोळे बारीक करून, ओठांच्या कडेपासून कपाळापर्यंत. मी अगदी सरळ उभी राहिले. मग तिने डोक्यावरचं बोचकं नीट केलं.

"तुमी म्हनता," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे चालायला लागली.

मी आयुष्यात कुणाशी इतकं खरं बोलले नव्हते. आणि आमच्यातल्या कुणाचंही खरं मानावं असं आम्ही तिच्यासाठी काहीच केलं नव्हतं.